तोफेच्या तोंडाला कुलूप

हिंगणवाडी आणि तळवाडी यांच्यामधून एक ओढा वाहतो, आणि त्या ओढ्यावर वर्षातून एकदा लढाई होते. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी. काठ्या नाहीत, कुऱ्हाडी नाहीत, दगड तर नाहीच नाही. लढाई शिव्यांची, आणि लढणाऱ्या सगळ्या बायका! अलीकडच्या काठावर हिंगणवाडीच्या, पलीकडच्या काठावर तळवाडीच्या. पदर खोचायचा, हात नाचवायचे आणि घसा फाटेपर्यंत समोरच्या गावाचा उद्धार करायचा. पुरुषांनी फक्त हलगी आणि ढोल वाजवायचे, तोंड उघडायचं नाही. वर्षभर बायका जे मुकाट ऐकून घेतात त्याची ही एका दिवसातली फेड, असं बनुकाकीचं म्हणणं.

या लढाईला म्हणायचं बार. ज्या काठाचा आवाज आधी बसेल तो काठ हरला. हरलेल्या गावानं संध्याकाळी पुरणाचे दिंड उकडायचे आणि जिंकलेल्या गावाला पोटभर वाढायचे. हिंगणवाडीनं आजवर इतके दिंड उकडले होते, की तळवाडीची पोरं त्या पदार्थालाच 'हिंगणवाडी' म्हणायला लागली होती. "आये, अजून एक हिंगणवाडी वाढ!" हे ऐकलं की हरणाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

पण शेचाळीस सालचा बार वेगळा होणार होता. एकतर जगाची मोठी लढाई संपून वर्ष झालं होतं आणि हरणाचा चुलता नाथाजी, म्हणजे नाथातात्या, इटलीहून हातापायानं धड घरी आला होता. दुसरं म्हणजे त्याची बायको बनुकाकी, जिला दोन्ही गावं 'तोफ' म्हणायची, नवरा परत आल्यापासून अशी काही फॉर्मात होती, की तिनं गोठ्यात म्हशीला हाक मारली तरी तळवाडीचा कोंबडा दचकायचा. आणि तिसरं, सगळ्यांत मोठं, हरणाच्या मते तरी सगळ्यांत मोठं, म्हणजे यंदा हिंगणवाडीची म्होरकी खुद्द हरणा होती.

म्होरकी कुवार मुलगीच लागते. लग्न झालेल्या बाईला या ना त्या गावात सासर, माहेर, नणंद, जाऊ काहीतरी असतंच, मग ती निवाडा कसला करणार? म्हणून हाती लिंबाची डहाळी घेऊन एका मुलीनं पुढं उभं राहायचं, आणि काठावर काही वाद झाला तर तिचा शब्द शेवटचा. खरं तर वाद कधी होतच नसे, म्होरकी नुसती डहाळी हलवत राही. पण हरणा कडेगावच्या शाळेत सातवीत होती, वर्गात सगळ्यांपुढं उभी राहून नकाशा दाखवत होती, आणि तिला वाटत होतं की डहाळी हलवायला आपण जन्माला आलेलो नाही. यंदा आपण जिंकणार! तळवाडीच्या बायका आपल्याला दिंड वाढणार! हेच ती पंधरा दिवस भाकरीबरोबर खात होती.

पंचमीच्या दिवशी तात्या तिला लिंबाला झोका बांधून देत होता, तेव्हा तिनं विचारलं, "तात्या, गुर्जी म्हनलं, तिकडं जर्मनीत मोठमोठ्या लोकास्नी कोर्टात हुबं केलंय. लढाईचं कायदं मोडलं म्हनून."

"व्हय, केलंय."

"आवं पर लढाईला कसलं आलंत कायदं?"

तात्यानं दोराची गाठ ओढून बघितली. "बाराला न्हाईत व्हय? मधल्या धोंडीवर अकिलाबी बांगड्या घिऊन बसती, तिच्याकडं तोंड करून कुणी वरडतं का? कुणाच्या मेल्या माणसाचं नाव घेतं का? आन् पलीकडची बाई वढून आनली, घोंगडीवर बसवली, की मंग तिच्यावर हात टाकतं का कुणी? ओटी भरून परत धाडत्यात. बसली बाई म्हंजी पावनी."

"मोडलं तर?"

तात्या हसला. "आमच्या पलटणीत खटावाकडचा आकाराम हुता. ब्रेनगन चालवावी तर त्येनंच. एकदा एक जर्मन हात वर करून आला. त्येला बसवला, पाणी दिलं. आन् आकारामानं बसल्या माणसाच्या डोस्क्यात बंदुकीचा दस्ता हाणला. त्येचा दोस्त पडला हुता आदल्या दिशी, राग हुता. सुबेदारसायबानं जागच्या जागी त्येची दंडावरची फीत काढली आन् लंगरात धाडला कांदं सोलाय. दुसऱ्या दिशी आमचा हल्ला! आमी म्हनलं, सायेब, उद्याचा दिवस जाऊ द्या, परवा सोलंल कांदं. न्हाई म्हनला."

"मंग बंदूक?"

"मला दिली. मला ती धड भरताबी येत न्हवती."

"आन् मंग जर्मन सुधारलं?"

"ह्यॅ! त्येस्नी काय, आमी कुणाला कांदं सोलाय लावलं ते दिसत हुतं व्हय? पर आमच्यात परत कुणी बसल्या माणसावर हात टाकला न्हाई. टाकावा वाटला तरी कांदं दिसायचं डोळ्यांम्होरं."

"इटलीपुराण झालं आसंल तर म्हशीला पाणी दावा!" गोठ्यातून तोफ धडाडली. तात्या निमूट उठला. हरणा झोक्यावर इतकी उंच गेली की तिला ओढ्यापलीकडची तळवाडीची कौलं दिसली, आणि ती ओरडली, "उद्या बघू गं तुमच्याकडं!"

दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं आणि ढोल घुमले. काय रंग चढला म्हणून सांगू! अकिलाबी ओढ्याच्या मधल्या सपाट धोंडीवर आपलं बांगड्यांचं गाठोडं सोडून बसली होती, दोन्ही गावांची बांगडीवाली, दोन्ही गावांची लाडकी. पलीकडून तळवाडीची रंगूबाई सुरू झाली. अंगानं काडी, आवाजानं शिंग.

"तुमच्या आमटीत पडलेली माशी पवून पवून दमली, पर डाळ काय गावली न्हाई तिला!"

बनुकाकीनं कमरेवर हात ठेवले. "आन् तुमची भाकर बघून कुत्रं पाया पडून परत जातंय! म्हनतंय, बाई, म्या काय पाप केलंय गं?"

हिंगणवाडी हसून लोळली. पुढं काकीनं जे काही सुरू केलं त्याला तोड नाही. तळवाडीच्या म्हशी, तळवाडीची जाती-उखळं, तळवाडीच्या जावयांची पागोटी, काही म्हणून सोडलं नाही. पलीकडचे आवाज एकेक करून घोगरे व्हायला लागले. हरणा डहाळी नाचवत होती, उड्या मारत होती, आणि तिला दिंडाचा वास येऊ लागला होता.

तेवढ्यात आपल्या पोरींनी गुडघाभर पाण्यात शिरून रंगूबाईलाच धरलं! ओढाताण झाली, पाणी उडालं, आणि बघता बघता तळवाडीचं शिंग हिंगणवाडीच्या काठावर. ढोल थांबले. पाहुणीची ओटी भरून होईपर्यंत बार थांबतो. हरणानंच घोंगडी झटकून उंबराखाली पसरली, रंगूबाईला बसवलं, पदर तिच्या डोक्यावर नीट ओढून दिला. रंगूबाईच्या दोन्ही हातांत पंचमीच्या नव्या हिरव्या बांगड्या किणकिणत होत्या. बनुकाकी हळदीकुंकू घेऊन पुढं आली.

रंगूबाईनं कपाळ पुढं केलं आणि गोड हसून, हळूच म्हणाली, "काकी म्हनू का आता आजी म्हनू? आवाज पार बसलाय वो तुमचा. पुढल्या साली घरी जात्यावर बसा, काय?"

काकीचा हात कधी सुटला ते काकीलाही कळलं नसेल. तिनं रंगूबाईचं मनगट धरलं आणि पिरगाळलं. कडकड आवाज झाला आणि हिरवी काच घोंगडीवर सांडली.

लग्न झालेल्या बाईची बांगडी 'फुटली' असंसुद्धा कुणी म्हणत नाही, 'वाढली' म्हणतात, इतकी ती जपायची. आणि रंगूबाईचा नवरा अजून पलटणीतच होता, जपानला, पहाऱ्यावर. ती रडली नाही. तिनं मोकळं मनगट तेवढं पदराखाली घेतलं.

मग पलीकडचा काठ पेटला. "बसल्या बाईवर हात टाकला! आता आमीबी दावतो!" चंद्रा नावाच्या एका दांडग्या पोरीनं वाकून हातात ढेकूळ घेतलं. हलगीवाले काठ्या वर धरून एकमेकांकडं बघत राहिले. बोलायची सोय नाही ना!

इकडं शालूबाईनं हरणाचा दंड धरला. शालूबाई म्हणजे शेजारीण, दिंड उकडून उकडून वैतागलेली. "हरणे, सांग त्यास्नी, वढताना वाढल्या म्हनून. ओढाताणीत वाढल्या तर त्यो गुन्हा न्हाई. तुझा शबुद शेवटचा हाय."

"आगं पर..."

"पर न्हाई आन् बिर न्हाई! जिंकलोय आपुन! एकदा तरी दुसऱ्याच्या हातचं दिंड खाऊ दे गं मला!"

"लयच झालं तर एक नारळ फोडू म्हनावं," मागून कुणीतरी म्हणालं.

हरणानं तात्याकडं बघितलं. तात्या आभाळाकडं बघत होता आणि हलगीवरची न दिसणारी धूळ पुसत होता. मग तिनं काकीकडं बघितलं. हीच काकी, जिनं "पोरगी साळंत जाणार म्हंजी जाणार, कुणाच्या पोटात दुखतंय ते म्होरं या!" म्हणून सगळ्या घराला गप्प केलं होतं. तोफ नसती तर आज हरणा शेण गोळा करत असती. आणि तोफ गेली तर बारही गेला. सगळं तिला दिसत होतं. पण घोंगडीवरची काचही दिसत होती. ती काच ओढ्याच्या पाण्यात नव्हती, वाटेवर नव्हती, घोंगडीवर होती, आणि घोंगडी तिनं स्वतः पसरली होती.

"बघतीस काय?" बनुकाकी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "बोल की काय बोलायचं ते."

हरणा उंबराच्या मुळीवर चढली. पहिला शब्द किरटाच निघाला, पण दुसऱ्यापासून तिला स्वतःचा आवाज सापडला, नकाशापुढचा.

"बसल्यावर वाढल्या! म्या बघितल्यात!"

शालूबाईनं कपाळावर हात मारला.

"द्या तर तिला आमच्या ताब्यात! चांगली बुकलून काढतो!" पलीकडून गलका झाला.

"ताब्यात न्हाई!" हरणा ओरडली. "मानूस आमचं, शिक्षा आमची आमी देणार. बनुकाकी आपल्या हातानं रंगूबाईला बांगड्या भरंल. मंग वढा वलांडून तुमच्या काठावर बसंल. बार संपंस्तवर तोंडातनं एक शबुद काढायचा न्हाई. आन् आयका! तितं बसली की तीबी बसली बाई. तिच्यावर कुणी हात टाकला, तर तुमची शिक्षा तुमी तुमच्या बाईला द्यायची."

"तोंड बंद?" शालूबाई किंचाळली. "आगं, तोफच न्हाई, तर आमी काय फुंकणीनं लढायचं?"

"मग फुंकणीनं लढायचं," हरणा म्हणाली.

सगळ्यांनी काकीकडं बघितलं. ती गावाला गप्प करणारी बाई. ती नाही म्हणाली असती, तर तिला हलवायची कुणाची छाती होती? काकीनं एकदा हरणाकडं बघितलं, एकदा काचेकडं. मग पदर खांद्यावर घेऊन सरळ पाण्यात उतरली आणि अकिलाबीच्या धोंडीपाशी जाऊन उभी राहिली. "दे गं हिरव्या."

मागोमाग पाण्यात उतरलेल्या रंगूबाईनं हात पुढं केला. काकीला बांगड्या भरायची सवय ती कुठली! अकिलाबी शिकवत होती, "अशा दाबून नगं बनुबाई, वळवून. हां, अंगठा आत घ्या. जनावर न्हाई, बाईचा हात हाय तो."

काकीनं एकेक बांगडी सावकाश चढवली. खाली मान घालूनच बोलली, "ह्ये इटलीला हुतं, तवा म्या हात उशाला घिऊन निजत न्हवते. बांगडी वाढंल म्हनून."

रंगूबाई म्हणाली, "मीबी न्हाई घेत."

एवढंच. आणि काकी पलीकडं गेली, तळवाडीच्या घोंगडीवर फतकल मारून बसली, आणि तळवाडीनं नियमानं तिच्या डोक्यावर पदर दिला, ओटीत खोबरं घातलं. रंगूबाई आपल्या काठावर परतली. तात्यानं आभाळावरचे डोळे खाली आणले आणि हलगीवर अशी काही थाप मारली, की उंबरावरचे पोपट उडाले.

बार पुन्हा सुरू! पण हिंगणवाडीची दशा काय सांगावी! शालूबाई म्हणाली, "तुमी... तुमी लय वंगाळ हायसा!" आणि तळवाडी पोट धरून हसली. दुसरीनं सुरुवात केली आणि शिवी अर्ध्यात विसरली. मग हरणानं डहाळी कमरेला खोचली. शिव्या काही तिला येत नव्हत्या. येत होती ती शाळा.

"तुमच्या डोस्क्यात पृथ्वीवानी तीन भाग पाणी हाय!" ती ओरडली. "आन् उरल्या एका भागात वाळवंट!"

तळवाडी क्षणभर थबकली. ही शिवी आहे की काय आहे?

"तुमची अक्कल अपूर्णांकात मांडली, तर वर शून्य आन् खाली सगळं गाव!"

आता हिंगणवाडीला जोर आला. अर्थ कळो न कळो, सगळ्याजणी मागून ओरडायला लागल्या, "वर शून्य! खाली गाव!" पलीकडं घोंगडीवर बनुकाकीची जी तडफड चालली होती ती बघण्यासारखी होती. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता, मांडीवर थापा मारत होती, हातवारे करून हरणाला सांगत होती की आवाज पोटातून काढ, पोटातून! पण शब्द एक नाही.

चंद्राला मात्र ती शून्याची शिवी फारच झोंबली. शाळा तिनं दुसरीतच सोडली होती. तिच्या हातातलं ढेकूळ सुटलं, हरणाच्या दिशेनं निघालं आणि वाटेतच अकिलाबीच्या पाठीवर धप्पकन फुटलं.

"या अल्ला! मला का गं?" अकिलाबी म्हणाली.

ढोल पुन्हा थांबले. हिंगणवाडीच्या पोरी वाकल्या, पाण्यात काय दगड कमी होते! "खाली ठेवा!" हरणा ओरडली आणि पलीकडं बघत राहिली. आता तिच्या हातात काही नव्हतं. तळवाडीनं 'वाऱ्यानं उडालं' म्हटलं असतं, तर काय करणार होती ती?

रंगूबाई वळली. हातातल्या नव्या बांगड्या मागं सारल्या, चंद्राचा कान धरला, आणि तिला फरफटत नेऊन घोंगडीवर बनुकाकीच्या शेजारी आदळली. "बस! तोंड बंद! आन् बार संपला की अकिलाबीचं लुगडं तू धुणार."

चंद्रानं ओठ काढले. काकीनं आपल्या ओटीतला खोबऱ्याचा तुकडा मुकाट्यानं तिच्या हातावर ठेवला. दोघी खोबरं चावत बसल्या, दोन गावांच्या दोन कुलूपबंद तोफा, आणि दोन्ही काठ इतके हसले की कोण कुणाला हसतंय ते कळेना.

त्यानंतरच्या बाराची आठवण म्हातारे अजून काढतात. हरणानं त्यात महासागर घातले, लंगडी घालणारे दशांश घातले, ध्रुवावरची थंडी घातली. ऊन डोक्यावर आलं, कललं, आणि मग तिनं तोंड उघडलं तर आतून फक्त पिपाणीसारखी एक 'पीं' आली. तिच्या मागं सगळ्यांचे घसे केव्हाच बसले होते. रंगूबाईनं पलीकडून एक शेवटची ललकारी दिली आणि बार संपला. हिंगणवाडी हरली.

पुन्हा दिंड!

बनुकाकीनं तोंडातला बोळा काढला. कुलूप उघडलं! ती उठून उभी राहिली आणि सगळा दिवस साठलेलं एकदम बाहेर आलं. "हरणे! तीन भाग पाणी? आगं ही शिवी हाय का भूगोल? आन् सगळा जीव नरड्यात! पोट काय नुसतं भाकरीला ठेवलंयस व्हय? ती रंगी बघ, काडीवानी हाय पर बेंबीपास्नं वरडतीया!"

"मला शिकवाय या की मंग, आजी!" रंगूबाई म्हणाली.

"येते की! आधी दिंड खायाला या, मंग बघते तुला!"

संध्याकाळी चुली पेटल्या. शालूबाई पुरण वाटता वाटता पुटपुटत होती, "एका शबदाचं काम हुतं. 'वढताना' म्हनायचं हुतं नुसतं." पण पहिला वाफाळता दिंड उघडला तेव्हा तिनंच तो आधी हरणाच्या तोंडात घातला. "घे, घसा शेक. पुढल्या साली कोण लढनार न्हाईतर?"

तात्याला आता बोलायची मुभा होती. तो ओट्यावरून म्हणाला, "इटलीत मला ब्रेनगन दिली ना, तवा माझंबी आसंच झालं हुतं बघ. पहिल्या खेपंला..."

"गप बसा!" बनुकाकी गरजली. "तुमचं इटलीपुराणच बाधलंय मला! कांदं सोला तितं बसून!"

आणि तात्यानं खरंच कांदे ओढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरणाचा आवाज थोडा परत आला. काकीनं तिला ओढ्यावर नेऊन उभं केलं, पोटावर हात ठेवायला लावला. "हां, हितनं. म्हशीला हाक मारतीया आसं समज. पयली शिवी तुझी तूच काढ, पर भूगोल नगं."

हरणानं दीर्घ श्वास घेतला. पाणी संथ वाहत होतं, मधल्या धोंडीवर चंद्रानं धुतलेलं अकिलाबीचं लुगडं वाळत पडलं होतं, आणि पलीकडच्या बाभळीमागं काहीतरी हललं. रंगूबाईचे हिरवे हात चंद्राच्या पोटावर होते.

"तळवाडीऽऽ!" हरणा बेंबीपासून ओरडली. "तुमचं मीठबी अळणी हाय!"

बाभळीमागून, जरा चाचपडत, पण चांगला खणखणीत आवाज आला, "मंग काल दिंडासाठी आमच्याकडनं मागून का न्हेलंसाऽऽ?"

"आयला," बनुकाकी खूश होऊन म्हणाली, "पोरगी तयार हाय! हं, हरणे, दे उत्तर."